विरजणाची अट

फोनमध्ये काही नवीन घ्यायला गेलं की शेवटी ती चौकट येतेच. 'मी सर्व अटी वाचल्या आहेत आणि त्या मला मान्य आहेत.' इतकं सर्रास खोटं आपण दुसरं कुठलं बोलत नसू. मीही बोलते. पण अंगठा त्या चौकटीवर गेला की दरवेळी भोपळे सर आठवतात, आणि मग दिवसभर कशात जीव लागत नाही.

खरं तर मी त्यांच्याबद्दल लिहिणारच नव्हते. कोणत्या तोंडानं लिहू? पण दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून बसलेय.

मधुकर भोपळे. मूळ तेल्हाऱ्याचे, घरी भाजीपाल्याचा मळा. अमरावतीला आमच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायचे. 'भोपळे सरांनी भोपळा दिला' हा विनोद आमच्या आधीच्या कितीतरी तुकड्यांनी करून चोथा केला होता. सरांना तो पाठ होता. शून्य मार्कांचा पेपर हातात देताना ते स्वतःच म्हणायचे, "माहं आडनाव लिवलं हाय, मनाले लावून घेऊ नको." अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चामडी चपला, आणि खिशात दोन पेनं. निळं लिहायला. काळं फक्त सहीला. काळ्या पेनानं त्यांनी कधी साधी हजेरीसुद्धा लावली नाही.

आणि हा माणूस वाचायचा. पुस्तकं सगळेच वाचतात हो, सर कागद वाचायचे. एसटीच्या तिकिटाच्या मागचा मजकूर, पंख्याच्या खोक्यातलं वॉरंटी कार्ड, बँकेच्या फॉर्मची ती मुंगीएवढी अक्षरं. बँकेत त्यांच्यामागे रांगेत उभं राहायची वेळ दुश्मनावरही येऊ नये.

एकदा ऑफिसातून सगळ्या मास्तरांना फॉर्म आला : 'संस्थेचे सर्व नियम मला मान्य आहेत.' खाली सहीची जागा. बाकीच्यांनी चहा पिता पिता सह्या ठोकल्या. सर फॉर्म घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत.

"नियम कुठी हायेत?"

प्राचार्य म्हणाले, "अहो भोपळे, असतात नियम. नियम म्हणजे काय, असतातच की."

"असतीन ना. दाखवा, वाचतो, करतो सही."

झाली शोधाशोध. कपाटं उघडली, धूळ निघाली, पाली निघाल्या, नियम काही निघाले नाहीत. शेवटी सरांनी फॉर्मवर निळ्या पेनानं लिहिलं : 'नियम मिळाल्यावर वाचून कळवीन.' ते निवृत्त झाले तोवर नियम मिळालेले नव्हते. आम्ही पोट्टे हसायचो. सर म्हणायचे, "हसा. सही मंजे आपला हात तिथं ठेवून येनं हाय. कुठी ठेवून रायलो ते पाहा लागते का नाई?"

त्यांची मोठी बहीण सुमनताई अकोल्याला असायची. लहानपणी तापात तिचे डोळे गेले होते. एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती, एकटी राहायची, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायची. सर दर रविवारी अमरावतीहून अकोल्याला जायचे आणि तिला आठवड्याभराचे पेपर वाचून दाखवायचे. बातम्या, अग्रलेख, निधनवार्ता, वधूवर, हरवले-सापडले, सगळं. मधलं काही गाळलं तर ताईला सरांच्या श्वासावरून कळायचं. "मधू, गायलं ना बे काही? वाच ते." सरांची पुरतं वाचायची सवय कुठून आली, ते मला तिच्या घरी गेल्यावर कळलं.

पेपर रविवारपर्यंत शिळा होतो, ताईला बातमी सहा दिवसांनी कळते, एवढ्यासाठी सरांनी 'सांगजो', म्हणजे आमच्या वऱ्हाडीत 'सांग बरं', करायला घेतलं. कॉम्प्युटरवर मराठी मजकूर दिला की तो मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम. आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. मी, अचलपूरचा फिरोज, आणि भातकुलीचा प्रमोद. प्रमोद फार येत नसे, पण ते पुढे येईलच.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हे 'ओपन सोर्स' राहील. म्हणजे प्रोग्रामच्या आतलं सगळं लिखाण जगासाठी उघडं. कोणीही न्यावं, दुरुस्त करावं, वाढवावं. फक्त ते कोणत्या अटींवर न्यायचं, हे सांगणारा एक परवाना सोबत जोडावा लागतो. त्याला सगळे लायसन्स म्हणतात. ज्या साइटवर आम्ही हे ठेवणार होतो, तिथं अशा लायसन्सांची यादीच होती. मी पट्कन एक निवडलं.

सर मागे उभे होते. "हेच काहून?"

"सारे हेच घेतात सर. एका पानाचं आहे."

"छोटं हाय मनून घेतलं?"

मी मान हलवली. सरांनी खुर्ची ओढली, माझं निवडलेलं पुसायला लावलं, आणि सगळ्यात लांबलचक लायसन्स छापून आणलं. पुढच्या तीन दुपारी त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. इंग्रजी वाचायचे, वऱ्हाडीत सांगायचे. फिरोज दोनदा झोपला. मला तर सरांचा गळा दाबावासा वाटत होता. तिसऱ्या दुपारी ते थांबले आणि मला म्हणाले, "राऊत, तुमच्या घरी विरजन संपलं तं माय तुले कुठी पाठवते?"

"शेजारी."

"शेजारीन त्याचं काही मांगते?"

"विरजणाचं कोणी काही मागते का सर!"

"मांगते. तोंडानं बोलत नाई, पन मांगते. उद्या कोनी तिसरीच बाई वाटी घेऊन तुमच्या दारात आली, तं तुह्या मायले 'नाई' मनता येते का? नाई येत. जिनं विरजन नेलं तिनं पुढच्याले द्याच लागते. या मोठ्या लायसनात तेवढी एकच अट हाय. बाकीचं सारं लचांड त्या एका अटीले कोनी टांग मारू नये मनून लिवलं हाय. आन् तुह्या त्या छोट्या लायसनात तीच अट नाई. दही जमवा, विका, घराले कुलूप लावा, कोनी इचारनार नाई."

असं आमचं लायसन्स ठरलं.

आवाज ताईचा घ्यायचा होता. ऑफिसच्या फोनवर तिचा आवाज इतका स्वच्छ असायचा की लोक चुकीचा नंबर लागला तरी ठेवायचे नाहीत. घरात अस्सल वऱ्हाडी, आणि फोनवर 'नमस्कार, आपल्याला कोणाशी बोलायचं आहे?' ती आवाज द्यायला तयार झाली. मुहूर्त कोणता, तर मे महिना, कारण आम्हाला सुट्टी. अकोल्याचा मे महिना! आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून कूलर बंद. दारा-खिडक्यांना गोधड्या टांगलेल्या. सर एकेक वाक्य म्हणायचे, ताई ते आपल्या फोनवरच्या आवाजात म्हणायची. सर घामानं निथळत होते, मी दर अर्ध्या तासाला डोक्यावर पाणी ओतून येत होते. ताई मात्र खुर्चीत ताठ. 'आज आकाश निरभ्र राहील.' 'कृपया रांगेत उभे राहा.' मध्येच तिनं हात वर केला आणि म्हणाली, "मधू, मी इथं उकडून मरन आज. मंग वाजवत बसजो माहा आवाज." आम्ही खो खो हसलो. ते हसणंही रेकॉर्ड झालं होतं, सरांनी पुसलं नाही.

सांगजो चाललं. फार गाजावाजा नाही, पण चाललं. अकोल्याच्या अंध मुलांच्या एका शाळेत कॉम्प्युटर होते, तिथं बसवलं. दोन-तीन वाचनालयांनी मागून नेलं. कुठले कुठले लोक दुरुस्त्या पाठवायचे. ताईला पेपर आता रोजच्या रोज, तोही स्वतःच्याच आवाजात. सर रविवारी जायचे ते नुसते जेवायला. म्हणायचे, "आता ताईच मले बातम्या सांगते. मी मागं पडलो."

मी पुण्याला नोकरीला लागले. तिथं 'मले-तुले' म्हटलं की लोक हसतात, म्हणून महिनाभरात ते सोडलं. सरांचा फोन आला की आपोआप परत यायचं. आणि ते फोन हळूहळू उदास होत चालले होते. जग कॉम्प्युटरवरून फोनवर गेलं होतं. शाळेतली मुलं सरांना विचारायची, सर, सुटीत सांगजो घरी कसं न्यायचं? सर फोनवर चालेल असं काही करायच्या मागे दोन वर्षं लागले होते. एकदा म्हणाले, "माह्यानं होत नाई राऊत. हे नवं हाय, आन् मी जुना झालो." सरांच्या तोंडून 'होत नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं.

आमची कंपनी फोनसाठी वाचून दाखवणारं ॲप करत होती. मी सांगजोचं नाव सुचवलं. हो, मीच. साहेबांना आवाज फार आवडला. पण कायद्याच्या विभागानं लायसन्स पाहिलं आणि हात झटकले. विरजणाची अट असलेलं काही आम्ही घेत नाही, म्हणाले. ते छोटं लायसन्स लावून द्या, लगेच घेतो. आता लायसन्स बदलायचं तर एकट्या सरांच्या मर्जीनं होत नाही. ज्याची ज्याची एक ओळ त्यात आहे, त्या प्रत्येकाची लेखी संमती लागते.

मी सरांना फोन केला. दोन्ही लायसन्सं त्यांना पाठ होती.

"हे एका पानाचं हाय. तं त्यातून काढलं काय ते मले मालूम हाय," ते म्हणाले. "कुलूप नाई लावनार हे ते लिवून देतीन का?"

"सर, लिहून द्यायला लावलं तर ते घेणारच नाहीत. पण आमच्या साहेबांनी शब्द दिलाय. सगळं उघडंच ठेवणार आहेत."

"कोनाले शब्द देला?"

"मला."

मग म्हणाले, "पोट्ट्यायच्या हातात येईन ना पन? फोनमंदी?"

"येईल सर. सहा महिन्यांत."

"ठीक हाय," ते म्हणाले. "तू मनतेस तं ठीक हाय."

ज्या माणसानं छापील नियम दाखवल्याशिवाय सही केली नव्हती, त्यानं माझ्या तोंडी शब्दावर हो म्हटलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

संमतीचं काम ईमेलवर अर्ध्या दिवसात झालं असतं. सरांना ते पटेना. "सोयरीक फोनवर जमवता का तुमी? जाऊन इचारा लागते." त्यांनी एक हिरवी फाइल केली. आत प्रत्येकाच्या नावाचा एक कागद : वर ते नवं लायसन्स, खाली 'मी हे वाचले आहे व मला मान्य आहे'. परगावच्या लोकांना पत्रं टाकली, आत परतीचं पाकीट तिकीट लावून. जवळच्यांकडे स्वतः निघाले, एसटीनं.

अचलपूरला फिरोजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, "सर, आपने बोला तो कहीं भी सही करता मैं." सर म्हणाले, "नाई बाबू. आधी आयक." दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि सर स्टुलावर बसून पान वाचून दाखवतायत. मग भातकुली. प्रमोद तिथं फुलशेती करतो. त्याची सांगजोमध्ये एक ओळ होती, अक्षरशः एक. 'ज्ञ'चा उच्चार नीट केला होता त्यानं एका दुपारी, नंतर विसरूनही गेला होता. झेंडूच्या वावरात सरांना बघून तो गडबडला.

"सर, एका ओळीसाठी आले तुमी? एवढ्या उन्हात?"

"ओळ तुही हाय ना?"

"असन बा. मले तं आठवत बी नाई."

"मले आठवते," सर म्हणाले आणि वाचायला लागले. प्रमोदनं मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. निघताना त्यानं सरांना टोपलीभर झेंडू दिला, तो सरांनी येताना एसटीत वाटून टाकला म्हणे.

माझा कागद टपालानं पुण्याला आला. पाठोपाठ सरांचा फोन, की आता वाचून दाखवतो. मी मीटिंगला निघाले होते.

"सर, वाचलंय मी."

"पुरतं?"

"पुरतं."

सही करून पाठवून दिलं. वाचलं नव्हतं. एका पानाचं लायसन्स, त्यात काय वाचायचं! आमच्या धंद्यात ते कोणीच वाचत नाही, नाव बघून ओळखतात.

शेवटची सही सुमनताईची. कोडमध्ये तिची एकही ओळ नव्हती, पण आवाज तिचा. मी त्या दिवशी मुद्दाम अकोल्याला गेले होते. सर वाचायला बसले तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, मी बाहेर गेले. परत आले तेव्हा वाचून झालं होतं आणि ताई कागदाची कड बोटानं चाचपत होती.

"ते विरजनाची अट निंघून गेली यातून," ती म्हणाली.

सर म्हणाले, "हो."

"मंग माह्या आवाजाले कुलूप लावता येते?"

"येते."

"लावतीन का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कागदावर नसलेलं उत्तर शोधत होता. मी लगेच म्हणाले, "नाही हो ताई. शब्द दिलाय त्यांनी. आणि मी आहे ना तिथं!"

ताईनं माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "तू हाय मनतेस तं दे कागद."

तिनं ओळीला पोस्टकार्डाची कड लावून सही केली. मधे कार्ड सरकलं, सही तिरकी गेली. सरांनी काळं पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

सहा महिन्यांत ॲप आलं, हे खरं आहे. एक वर्ष ते फुकट चाललं, हेही खरं. शाळेतल्या मुलांनी ताईच्या आवाजात काय काय ऐकलं असेल, क्रिकेटपासून भुताच्या गोष्टींपर्यंत. ताई बाजारात गेली की लोक आवाज ओळखायचे. मग आमची कंपनी दुसऱ्यांनी घेतली. नवे साहेब आले. ॲपची नवी आवृत्ती बंद पेटीत गेली, आतलं लिखाण दिसेनासं झालं. लायसन्समध्ये त्याला मुभा होती. मी नव्या साहेबांना एक मेल लिहिला, चार ओळींचा. उत्तर आलं नाही. दुसरा मेल मी लिहिला नाही. ज्यांनी शब्द दिला होता ते नोकरी सोडून गेले होते, आणि मला नोकरी सोडायची नव्हती. झालं, एवढंच. यात कुठं काही मोठं कारण नाही.

आणि एका सकाळी ताईनं नेहमीसारखा फोनवर पेपर लावला. दुसऱ्या बातमीत आवाज थांबला. तोच आवाज पुन्हा सुरू झाला : 'आपली मुदत संपली आहे. पुढे ऐकण्यासाठी योजना निवडा.'

तिच्याच आवाजाचे तुकडे जोडून केलेलं वाक्य. तिनं जन्मात कधी न म्हटलेलं.

तिनं सरांना फोन केला. सरांनी नंतर मला ते सांगितलं, एका दमात, खाली बघत. ती म्हणाली, "मधू, मीच मले सांगून रायली, का माही मुदत संपली." आणि हसली म्हणे थोडीशी.

सर त्याच दिवशी अकोल्याला गेले. जुनं सांगजो कॉम्प्युटरवर पुन्हा बसवून देतो म्हणाले, ते अजून आपलंच आहे, ते कोणी बंद करू शकत नाही. ताई म्हणाली, "नोको. तो आवाज नोको आता घरात." सर पुन्हा दर रविवारी पेपरांचा गठ्ठा घेऊन जायला लागले. पण ती अर्ध्यातच म्हणायची, राहू दे मधू, थकला तू. पूर्वी एक ओळ गाळू न देणारी बाई. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेली. मरेपर्यंत तिनं सरांना एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सरांनी हात टेकले नव्हते. शेवटची उघडी प्रत घेऊन तिच्यावर त्यांनी पुन्हा ते मोठं लायसन्स लावलं. त्याला कोणाची आडकाठी नव्हती. छोट्या लायसन्समधून मोठ्यात जाता येतं, उलटं जाताना सह्या लागतात. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना पत्र लिहिलं : या, परत सुरू करू. फिरोज म्हणाला, सर, दुकानातून मान वर करायला फुरसत नाही. प्रमोदला खरंच काही आठवत नव्हतं. मी 'हो सर, नक्की' म्हणाले आणि केलं नाही. सर एकटेच बसायचे. फोन दरवर्षी बदलत होते, काल चाललेलं आज चालत नव्हतं. आणि तिकडे कंपनीनं मराठी आवाजच काढून टाकला. वापर कमी आहे म्हणाले. एवढं सगळं केलं कशासाठी, विचारायला कोणी उरलं नव्हतं.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते अमरावतीच्या बसस्टँडवर. मी चुलत बहिणीच्या लग्नाला आले होते, दुपारच्या गाडीनं अकोल्याला आणि तिथून पुण्याला निघाले होते. सरांनी फोन करून गाडीची वेळ विचारून घेतली होती. मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले नव्हते, हे त्यांना कळलंच असेल. ते गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी आले. तोच पांढरा शर्ट, पण गळ्याशी मोठा झालेला. हातात ती हिरवी फाइल.

"कुठं निघाले सर?"

"कालच भातकुलीहून आलो. परवा अचलपूर झालं. कागद परत करून रायलो."

मला कळेना. "कसले कागद?"

"सह्यायचे. ज्याले जे सांगून सही घेतली, ते झालं नाई. मंग सही ठेवून कसं घ्या? परत द्या लागते."

"सर, त्याचा आता काही उपयोग नाही. कायद्यानं..."

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "कायद्याचं तं मीच शिकवलं ना तुले."

त्यांनी फाइल उघडली आणि माझा कागद काढून दिला. खाली माझी सही, पुण्याहून पाठवलेली, घाईची. मी तो घेतला. फाइल मिटतील असं वाटलं, पण आत अजून एक कागद होता. तिरकी सही.

"हा तिले द्या लागत होता," सर म्हणाले. "रोज मनलं, या रविवारी देतो. तिच्यापुढं काढायची हिंमत नाई झाली."

मी रडायला लागले. गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती. सर शांत उभे होते. रागावले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी पायावर तरी पडले असते. ते नेहमी वर्गात समजावून सांगायचे त्याच सुरात म्हणाले, "इथं सही तिनं माह्यासाठी नाई केली, राऊत. मी तं तिले खरं सांगतलं होतं, कुलूप लावता येते मनून. तू हाय मनून केली तिनं. तवा हा तुह्यापाशी राहू दे."

त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला, रिकामी फाइल काखेत मारली. कंडक्टरनं घंटी मारली. मी चढले, खिडकीशी बसले, हात हलवायला बाहेर पाहिलं. सरांचं लक्ष नव्हतं. शेजारच्या खांबावर महामंडळानं कसलीशी सूचना चिकटवली होती. ते चष्मा वर करून ती वाचत होते, पहिल्या ओळीपासून.

गाडी निघाली तसा मी ताईचा कागद मांडीवर उलगडला आणि वरून वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदाच, पुरता. एकच पान होतं. बडनेऱ्याचा पहिलाच थांबा यायच्या आत वाचून झालं.